दोऱ्याखालची पट्टी

तीन नंबरच्या प्रेसवर घातलेला झेंडूचा हार लाल बटणावर आला होता. दसरा होऊन दोन दिवस झालेले, फुलं सुकून तपकिरी पडलेली, आणि हाराचा पीळ नेमका त्या बटणाच्या मानेभोवती बसलेला. मशीन थांबवायला कुणी घाईत तळहात मारला असता तर बटणाऐवजी फुलंच दबली असती. उपेंद्रला ते दिसलं नव्हतं. दाखवलं रणोजीरावांनी. स्टोअरमधून हातमोज्यांचा गठ्ठा घेऊन येताना ते थांबले, डाव्या हाताची उरलेली तीन बोटं वर करून, ‘अहो’च्या जागी इथला कन्नड ‘री’ लावत म्हणाले, “साहेब, तिथं हार पडलाय बघा री. बटण झाकून गेलं.” उपेंद्र या कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर, म्हणजे असलं काही दिसणं हेच त्याचं काम, तेव्हा वरमून जाऊ नये म्हणून त्याने मोठ्याने एक वाक्य टाकलं. “पूजा मशीनची करा, ब्रेकची करू नका.” दोघंतिघं हसले. मग तो स्वतःच हार काढायला गेला. फुलं चुरून हातात आली, पण दोरा तुटेना. त्याने दोऱ्याखाली बोट घातलं, ओढलं, आणि बोट तिथेच राहिलं. दुसरा एक दोरा त्याला आठवला. लाल-पिवळा, तीन गाठींचा. आणि त्या दोऱ्याखाली काय आहे तेही.

घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याचे स्नेही हयग्रीवराव सातला शेतावर निघाले होते. मैसूरमधल्या चामराजपुरमच्या त्यांच्या गल्लीतून उपेंद्रनेच त्यांना हात हलवून निरोप दिला होता. गाडीच्या मागच्या सीटवर उपेंद्रची बॅटरीवरची करवत, तेलाचा डबा, दोन भरलेल्या बॅटऱ्या आणि तोंडावर जाळी असलेलं त्याचं नारिंगी हेल्मेट. सरगूरजवळच्या त्यांच्या शेतात आठवड्यापूर्वीच्या वाऱ्याने सिल्व्हर ओकचं एक झाड आडवं झालं होतं. दिवाळीत नरकचतुर्दशीचं पाणी तांब्याच्या हंड्यात, लाकडावरच तापलं पाहिजे हा त्यांच्या बायकोचा, वेदवतीवहिनींचा हट्ट, नि त्या लाकडांसाठी हे सगळं. सातला निघाले म्हणजे साडेआठला शेतावर. चहा, इकडेतिकडे बघणं, कपडे बदलणं, नऊ. आता सुरू केलं असेल. किंवा करत असतील. उपेंद्रने फोन लावला. वाजत राहिला आणि बंद झाला. पुन्हा लावला. रणोजीराव गठ्ठा खाली ठेवून त्याच्याकडे बघत होते. “काय झालं साहेब?” “काही नाही,” उपेंद्र म्हणाला, आणि गाडीची किल्ली घ्यायला केबिनकडे चालू लागला, पळू नये, सेफ्टी ऑफिसरने कारखान्यात पळू नये, असं स्वतःला सांगत.

रिंग रोडला लागेपर्यंत त्याने पाच वेळा फोन लावला. हयग्रीवराव उचलणार नव्हते हे त्याला ठाऊक होतं, आणि का उचलणार नव्हते हेही. नियम त्याचाच. करवत हातात असताना फोन अंगावर नको, खिशात थरथरला की लक्ष जातं आणि लक्ष गेलं की हात जातो. गेल्या महिन्यात दोन रविवार त्याने हयग्रीवरावांना शिकवलं होतं, त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ओळीने. साखळीला हात लावायच्या आधी बॅटरी बाहेर. साखळी मधोमध उचलून बघायची, फार सैल नको, फार ताठ नको. तेल बघायचं. दात बोथट झाले की भुशाऐवजी पीठ पडायला लागतं, तसं दिसलं की थांबायचं आणि गोल कानस प्रत्येक दाताला सारखी मारायची, एकाला तीन आणि दुसऱ्याला पाच असं नाही. पात्याच्या टोकाने कापायचं नाही, टोक कुठे अडकलं तर करवत उसळून थेट तोंडावर येते. आणि सगळ्यात आधी, रोज, पहिला काप घ्यायच्या आधी, पुढची दांडी. डाव्या हाताच्या पुढे जी आडवी दांडी असते ती मनगटाने पुढे ढकलायची. साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. करवत उसळली की हीच दांडी पुढे पडते आणि तुम्ही वाचता. हयग्रीवराव पोस्टात तीस वर्षं काढलेला माणूस, वहीत सगळं लिहून घेत होते. “मिक्सरसारखंच आहे बघा हे,” ते म्हणाले होते. “बटण सोडलं की सुम्ने बसतं, गप्प.” तेवढंच उपेंद्रला आवडलं नव्हतं. पेट्रोलची करवत ओरडते, धूर सोडते, मी आहे म्हणून सांगते. ही मुकाट. मांडीवर घेऊन बसावं इतकी मुकाट. म्हणून तो जास्तच कडक बोलला होता: हिचा आवाज नाही म्हणून हिला दात नाहीत असं समजू नका. वाक्य चांगलं जमलं होतं. कारखान्यात पोस्टरवर घालावं असं त्याला वाटलं होतं.

त्याला चांगली वाक्यं जमतात, हीच त्याची खोड. नाशिकहून इथे आला त्याला अठरा वर्षं झाली, आणि कारखान्याच्या भिंतींवर मराठीतून कन्नडमध्ये गेलेली त्याची निदान चाळीस वाक्यं असतील. ‘आजच्यापुरती सुट्टी अपघात मानत नाही.’ हे त्याचंच. आता एच. डी. कोटे रस्त्याला वळताना ते वाक्य त्याला भिंतीसकट दिसलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं सगळ्यांना पाठ असतं.

तीन आठवड्यांपूर्वीची दुपार. हयग्रीवरावांच्या शेताला लागून त्याने घेतलेला अर्धा एकर, आणि त्यात माजलेली बाभळीची जाळी. एकटाच होता. (एकट्याने करवत चालवायची नाही, हेही त्याचंच.) काटेरी फांद्या खालून, आडव्या-तिडव्या, हात वाकडा करून कापाव्या लागत, आणि दर वेळी डावं मनगट त्या दांडीला लागे, दांडी पुढे पडे, साखळी थांबे. मग दांडी मागे ओढा, बटण पुन्हा दाबा, पुन्हा सुरू करा. एकदा, दोनदा, सात वेळा. घाम डोळ्यात उतरलेला. बाभळीचा काटा बुटातून आत गेलेला. आठव्यांदा थांबली तेव्हा तो खरोखर मोठ्याने, एकट्याने, झाडांना शिवी देऊन बोलला. गाडीच्या डिकीत वायरी बांधायच्या काळ्या नायलॉनच्या पट्ट्या होत्या, केबल टाय. एक घेतली, दांडी तिच्यामागच्याच हँडलला आवळून टाकली, उरलेलं शेपूट कापलं. आजच्यापुरती, असं मनात म्हटल्याचं त्याला स्पष्ट आठवतं. मग काम काय सुरेख झालं. दीड तासात जाळी साफ. घरी येऊन त्याने करवत पुसली, दात घासले, पात्याच्या खोबणीतला चिकट भुसा काडीने काढला, तेल भरलं. सगळं केलं. काळ्या प्लास्टिकवर काळी पट्टी, तिच्यावर तेल आणि भुसा; दिसली नाही. नाही, दिसली होती. दिसली होती, आणि उद्या कापू म्हणून त्याने कानस जागेवर ठेवली होती. आता या गाडीत खोटं कुणाशी बोलायचं?

वाटेतलं जयपुरा गाव मागे पडलं. पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, हलत डुलत. ओव्हरटेक करता येईना. त्याने वेदवतीवहिनींना फोन लावला. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय जुनी. “वहिनी, हयग्रीवराव पोचले का? फोन घेत नाहीयेत.” “फोन ते गाडीतच ठेवतात री,” वहिनी म्हणाल्या. मागे कुकरची शिट्टी. “झाड कापताना फोन नको म्हणून तुम्हीच सांगितलंत ना, अल्वा? काय पाहिजे होतं?” तो म्हणाला, तेल पुरेसं आहे का ते विचारायचं होतं. “सगळं घेऊन गेलेत. तुमच्या मशीनला काय होणार नाही बघा. आयुधपूजेला सगळ्यांच्या आधी त्यालाच कुंकू लावलं मी. दोरा सुटू नये म्हणून तीन गाठी मारल्या, घट्ट.” त्यांचा आवाज आनंदी होता. मैसूरच्या मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या जसं बोलतात तसं, शब्द मराठी आणि उतार-चढाव कन्नड. “बरं वहिनी,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. सांगता आलं असतं. शेजारच्या शेतात कुणाला तरी धाडा, आत्ता, धावत, असं म्हणता आलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, का? आणि त्या ‘का’पर्यंत जायला त्याला अजून चाळीस किलोमीटर हवे होते.

ट्रॅक्टर सुटला. त्याने ऐंशीला गाडी नेली, मग नव्वद. आयुधपूजेला करवत त्यांच्या घरी नेली ती वहिनींच्या बोलावण्यावरून. त्याच्या घरी दसऱ्याला आपट्याची पानं आणि संध्याकाळी श्रीखंड, एवढंच. त्याची बायको कांचन म्हणायची, हत्यारांची पूजा करायची तर आधी घरात हत्यार हवं. या वर्षी होतं. वहिनींच्या अंगणात स्कूटर, गाडी, विळे, कोयता, मिक्सर, आणि मधोमध पाटावर त्याची करवत. कुंकवाचं बोट पात्यावर. दोरा कुठे बांधू म्हणून वहिनी इकडेतिकडे शोधत होत्या आणि त्यांना सगळ्यात सोयीची जागा सापडली ती पुढच्या दांडीची. दांडी आणि हँडल मिळून त्यांनी दोरा गुंडाळला. उपेंद्र तिथे उभा होता, हातात खोबऱ्याचा प्रसाद. त्याने बघितलं. ‘वहिनी, तिथे नको’ एवढं म्हणायचं होतं. पण म्हणालो असतो तर, असं तेव्हा त्याच्या मनात आलं होतं, तर दांडी हलवून दाखवावी लागली असती, आणि दांडी हलली नसती. म्हणून तो गप्प राहिला. उलट त्याला सुटल्यासारखं वाटलं. पट्टीवर दोरा आला. पट्टी आता दिसणारही नव्हती. चोराच्या मनातलं चांदणं असं झाकलं जातं.

आणि मग आज सकाळी त्याने ती करवत स्वतःच्या हाताने गाडीत ठेवली. तेव्हा त्याला पट्टी आठवली नव्हती, खरंच नव्हती, हे तो देवाशपथ सांगू शकत होता. पण न आठवणं हा गुन्हा नाही असं कोण म्हणतं? त्याच्या फॉर्मवर तसा रकाना नव्हता. फॉर्मवर ‘अपघाताचं कारण’ असा रकाना होता, आणि त्यात चार वर्षांपूर्वी त्याने निळ्या शाईने लिहिलं होतं: ‘कामगाराने स्वतः गार्ड काढले.’ कामगार म्हणजे रणोजीराव. बावन्न वर्षांचे, वीस वर्षं त्याच प्रेसवर. त्या दिवशी माल पाठवायची घाई होती, गार्डमुळे, म्हणजे बोटं आत जाऊ नयेत म्हणून लावलेल्या जाळीमुळे, हात हळू चालत होता, आणि सुपरवायझर म्हणाला होता, “काढ ते, आजच्यापुरतं.” उपेंद्र पंधरा फुटांवर होता. त्याने ऐकलं, आणि मीटिंगला उशीर झाला होता म्हणून पुढे गेला. परत येताना बोलू, असं ठरवून. परत आला तेव्हा फरशीवरच्या रक्तावर भुसा टाकलेला होता. रणोजीरावांनी कधी एक शब्द काढला नाही. स्टोअरला बदली झाली, रोज नमस्कार करतात, तीन बोटांचा. हयग्रीवरावांना ते जुन्या ओळखीचे. एकदा गप्पांत त्यांनी विचारलं होतं, गार्ड त्यानंच काढलं म्हणे? उपेंद्रने मान हलवली होती. होकारार्थी. मान हलवायला काही लागत नाही.

हँडपोस्टच्या तिठ्यावर वळला तेव्हा दहा वाजून पाच. एक बॅटरी चाळीस मिनिटं चालते, जाड लाकडात तीस. पहिली संपली असेल. दुसरी लावली असेल. दुसरी त्यानेच काल संध्याकाळी भरली होती, चारही हिरवे दिवे लागेपर्यंत थांबून. संपू दे, तो म्हणत होता, संपू दे, साखळी सुटू दे, तेल संपू दे, काहीतरी बिघडू दे. स्वतःच्या यंत्रासाठी असली प्रार्थना त्याने आयुष्यात केली नव्हती. पडलेलं झाड उभ्या झाडाहून वाईट, हे त्याने हयग्रीवरावांना सांगितलं होतं का? फांद्या दबून ताणलेल्या असतात, खाली काय आहे ते दिसत नाही, टोक कुठे लागेल सांगता येत नाही. सांगितलं होतं. त्यांनी वहीत लिहिलं होतं. पण ते आधी दांडी ढकलून बघणार. बघतीलच. नाही हलली तर थांबतील. थांबतील ना? या ‘ना’वर तो सरगूरपर्यंत आला.

शेताच्या बांधाजवळ गाडी दिसली. करवतीचा आवाज नव्हता. पेट्रोलची असती तर चालू आहे की नाही ते लांबूनच कळलं असतं. ही दोन कापांच्या मध्ये मुकाटच असते. म्हणून आवाज नसण्याला काही अर्थ नव्हता. तो आता पळाला, सेफ्टी ऑफिसर असून, ढेकळांतून, पडत.

हयग्रीवराव कापलेल्या ओंडक्यावर बसले होते. जिवंत. चेहरा पांढरा, गुडघ्यावर फोन, स्पीकर सुरू, आणि फोनमधून वेदवतीवहिनींच्या रडण्याचा आवाज. पायाशी नारिंगी हेल्मेट. त्याच्या जाळीला कपाळापासून हनुवटीपर्यंत सरळ फाट. चष्म्याची एक काच गेलेली. गालावर बारीक ओरखडा, त्याच्यावर रुमाल. “अय्यो, तुम्ही कसे आलात?” ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता उठून त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. “तुमच्या टोपीनं वाचवलं बघा मला. ही घातल्याशिवाय बटण दाबू नका म्हणाला होतात. कंटाळा आलेला, उकाडा, पण घातली. आताच, पंधरा मिनिटं पण झाली नसतील. खालची फांदी दिसलीच नाही री. टोक लागलं आणि अशी आली.” त्यांनी हात तोंडाकडे आणून दाखवला. उपेंद्रला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. हयग्रीवरावांना वाटलं ते काळजीचं आहे, होतंही.

“दांडी,” उपेंद्र म्हणाला. “दांडी बघितली नव्हती?” “बघितली की. पहिलंच तेच बघितलं. हलेना. हिनं दोरा बांधलेला, घट्ट. पूजेचा दोरा, दिवाळीपर्यंत तरी कापू नये म्हणतात, आपोआप पडायचा. म्हटलं एक दिवस, आजच्यापुरतं. हे असं झाल्यावर मग कोयत्यानं एका दणक्यात तोडून टाकला.” मग फोनकडे वळून, चिडलेल्या, अजून न सावरलेल्या आवाजात: “वेदा, रडू नको म्हटलं ना. पण दोरा बांधायला दुसरी जागा मिळाली नाही का तुला?” फोनमधून वहिनी म्हणाल्या, “माझंच चुकलं री. तीन गाठी मारल्या मी. माझ्याच हातानं.”

भुशात लाल-पिवळ्या दोऱ्याचे तुकडे पडले होते. त्यांच्यात काळी पट्टी, वेटोळ्यातून तुटलेली, तेलकट, बोटाएवढी. हयग्रीवरावांना ती दिसली नव्हती. एका काचेतून दिसणारही नव्हती. उपेंद्रचा बूट तिच्यावर कधी गेला ते त्याला कळलं नाही. तळव्याखाली ती जाणवत होती, जाड तळव्यातून जाणवणं शक्य नव्हतं तरी. बुटाने थोडा दाब दिला की ती भुशात जाईल, भुसा मातीत, आणि दिवाळीला वहिनी हंड्याखाली लाकूड सारताना दर वर्षी आपल्या तीन गाठींची आठवण काढतील. कुणी त्याला काही म्हणणार नव्हतं. उलट टोपीबद्दल आभार मानतील, गल्लीत सांगतील. एवढं सोपं होतं. चार वर्षांपूर्वीही एवढंच सोपं होतं.

हयग्रीवराव खाली बसले. थोडं हसायचा प्रयत्न करत म्हणाले, “तुमच्या फॅक्टरीत असं काही झालं तर फॉर्म भरता ना? कारण म्हणून काय लिहाल यात? बायकोचा दोरा?”

उपेंद्रने बूट उचलला. वाकून पट्टी घेतली, भुसा पुसला, आणि हयग्रीवरावांच्या तळहातावर ठेवली. आवाज फोनपर्यंत जाईल एवढा मोठा काढला. “वहिनी, ऐका. तुमच्या दोऱ्याने काही झालं नाही. सुती दोरा आहे तो, नुसता तोच असता तर करवत उसळल्यावर तटकन तुटला असता. खाली ही पट्टी होती, नायलॉनची. ती मी बांधलेली. तीन आठवड्यांपूर्वी, माझं काम लवकर व्हावं म्हणून. तुम्ही दोरा बांधलात तेव्हा मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो.” फोनमधलं रडणं थांबलं. हयग्रीवराव पट्टी डोळ्यांजवळ नेऊन, उरलेल्या काचेतून, उलटसुलट करून बघू लागले. पोस्टात संशयास्पद शिक्का बघत असतील तसे. मग ती खाली ठेवून त्यांनी करवत जवळ ओढली, पहिल्यांदा बॅटरी बाहेर काढली, शिकवली होती तशी, आणि ती उपेंद्रच्या हातात न देता आपल्या शेजारी ओंडक्यावर ठेवली. दांडी मनगटाने पुढे ढकलली. खट् करून पडली. मागे ओढली. पुन्हा ढकलली. खट्.

“अहो,” फोनमधून वहिनींचा आवाज आला, अगदी लहान. “म्हणजे मी नव्हे?”

“नव्हे, वेदा,” हयग्रीवराव म्हणाले. “तू नव्हेस.” ते उपेंद्रकडे बघत होते. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ते हिशोब लागत नाही अशा माणसासारखे बघत होते, आणि मग तो लागल्यासारखे. “आणि रणोजीरावचं?” त्यांनी विचारलं. “ते गार्ड?”

फोन अजून सुरू होता. उपेंद्र भुशात खाली बसला.

“ते त्यांनी स्वतः काढलं नव्हतं,” तो म्हणाला. “काढायला लावलं होतं. लावलं तेव्हा मी ऐकलं होतं.”